डिझेल बर्नर काढून इन्सिनरेटरला गॅस बर्नर बसवायचा आहे: कोणती काळजी घ्यावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. जैववैद्यकीय कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका सामूहिक केंद्रात मी देखभाल विभागाचे काम पाहतो. आमच्याकडे ताशी १०० किलो क्षमतेचा, दोन कक्षांचा जुना इन्सिनरेटर (कचरा जाळण्याची भट्टी) आहे. प्राथमिक (जिथे कचरा जळतो) आणि दुय्यम (जिथे त्याचा धूर जळतो) अशा दोन्ही कक्षांना प्रत्येकी एक डिझेल बर्नर असून पूर्ण आचेवर प्रत्येक बर्नर ताशी सुमारे १५ लिटर डिझेल घेतो. डिझेलचा खर्च परवडत नसल्यामुळे दोन्ही बर्नर गॅसवर घ्यावेत, असे व्यवस्थापनाने ठरवले आहे. औद्योगिक वसाहतीत पाइपने येणारा नैसर्गिक वायू वर्षभरात पोहोचेल असे सांगतात, तोपर्यंत एलपीजी वापरायचा विचार आहे.

गावातल्या एका फॅब्रिकेटरने सुचवले आहे की जुना ब्लोअर आणि जुने कंट्रोल पॅनेल तसेच ठेवून फक्त बर्नरचे तोंड बदलावे आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह) लावून गॅसची नळी जोडावी. काम दोन दिवसांचे, खर्चही थोडा. मला मात्र हे इतके सोपे वाटत नाही. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना फिटर

कृष्णाकाठ, आपल्याला सोपे वाटत नाही, हेच बरे आहे. तीस वर्षे भट्ट्यांवर काम केल्यावर मी इतके नक्की सांगू शकतो की डिझेलच्या बर्नरची चूक बहुधा काजळीतून किंवा धुरातून दिसते, गॅसच्या बर्नरची चूक आवाजातून कळते, आणि तो आवाज ऐकण्याइतके आपण दूर असलो तर नशीब.

एक प्रसंग सांगतो. एका कारखान्यात (नाव सांगत नाही) असाच बदल केला होता. सकाळी बर्नर पेटेना, म्हणून ऑपरेटरने लॉकआउटचे (ज्योत न दिसल्यास पॅनेल बर्नर बंद करून ठेवते, त्याचे) रिसेट बटण चार-पाच वेळा दाबले. प्रत्येक प्रयत्नात थोडा थोडा गॅस कक्षात जात राहिला आणि पाचव्या वेळी ठिणगी पडली. कचरा टाकण्याचा दरवाजा बिजागरीसकट निखळून समोरच्या भिंतीवर आदळला. ऑपरेटर त्या वेळी पॅनेलपाशी, म्हणजे बाजूला उभा होता, म्हणून बचावला. नंतर तपासले तेव्हा बर्नर निर्दोष निघाला. दोष होता तो बर्नर पेटण्यापूर्वी कक्ष हवेने धुऊन काढण्याच्या वेळेत आणि कितीही वेळा रिसेट होऊ देणाऱ्या पॅनेलमध्ये.

आपल्या दोन्ही कक्षांचे आतील आकारमान किती आहे आणि जुन्या पॅनेलमध्ये ज्योत ओळखण्यासाठी काय बसवले आहे, हे कळवाल का? त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

तापमापक

जुना फिटर यांच्या दुसऱ्या प्रश्नावर मी आधीच थोडे लिहितो, कारण माझे काम इन्स्ट्रुमेंटेशनचे आहे आणि ही चूक मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे.

लहान डिझेल बर्नरमध्ये ज्योत ओळखण्यासाठी बहुधा साधा फोटोसेल असतो. डिझेलची ज्योत पिवळी आणि झगझगीत असल्यामुळे त्याला ती दिसते. गॅसची नीट जळणारी ज्योत निळसर आणि फिकी असते, ती या फोटोसेलला दिसत नाही. मग होते असे की थंड भट्टीत गॅस पेटूनही पॅनेल लॉकआउटला जाते, आणि कंटाळलेला इलेक्ट्रिशियन फोटोसेल थोडा वळवून किंवा सर्किटमध्ये जंपर (सेन्सरला वळसा घालणारी तार) टाकून ती कटकट मिटवतो. याहून वाईट गोष्ट पुढे घडते. भट्टी तापली की अग्निरोधक विटा लालभडक होतात आणि फोटोसेलला त्या विटांचा उजेड हीच ज्योत वाटते. अशा वेळी ज्योत विझली तरी पॅनेलच्या लेखी ती जळतच असते आणि गॅस मोकळा वाहत राहतो.

म्हणून गॅससाठी अतिनील किरण ओळखणारा यूव्ही सेन्सर किंवा ज्योतीतून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजणारा आयोनायझेशन रॉड, यांपैकी एक हवाच. लाल विटांमुळे यूव्ही सेन्सर फसत नाही, पण इग्निशनच्या ठिणगीमुळे फसू शकतो, त्यामुळे त्याची नजर ठिणगीवर पडणार नाही अशी जागा निवडावी लागते. दाट धूर अतिनील किरण अडवतो, म्हणून प्राथमिक कक्षात सेन्सरच्या नळीतून स्वच्छ हवेचा बारीक झोत सतत सोडावा. शिवाय साधी यूव्ही नळी जुनी झाली की ज्योत नसतानाही ‘ज्योत आहे’ असे सांगत राहू शकते. आपली भट्टी दिवसरात्र चालत असेल, तर मधूनमधून स्वतःची परीक्षा घेणारा, झडप असलेला सेन्सरच घ्यावा.

जुने पॅनेलही ठेवू नये. डिझेलच्या कंट्रोलरमध्ये ज्योत दिसेपर्यंत इंधन सोडत राहण्याची मुभा सुमारे दहा सेकंदांपर्यंत असू शकते. गॅसच्या कंट्रोलरमध्ये ती दोन ते पाच सेकंदांत संपते. हिशेब करून पाहा: आपल्या एका बर्नरची उष्णता एलपीजीवर काढायची, तर ताशी साधारण साडेअकरा किलो, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन ग्रॅम गॅस लागेल. दहा सेकंदांत बत्तीसेक ग्रॅम, म्हणजे पंधराएक लिटर वायू कक्षात जाईल. तो हवेत मिसळला की सुमारे चारशे लिटर पेटण्याजोगे मिश्रण तयार होते. बंद विटांच्या खोलीत ते पेटले, तर काय होईल ते जुना फिटर यांनी वर लिहिलेच आहे.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज पॅनेल उघडून पाहिले. आत साधा फोटोसेलच आहे आणि त्याच्या दोन टोकांवर कोणीतरी कधीकाळी टाकलेल्या जंपरची खूणही दिसली! प्राथमिक कक्ष सुमारे ३ घनमीटर, दुय्यम कक्ष सुमारे साडेतीन घनमीटर आहे. नवीन गॅस बर्नरसाठी जे दरपत्रक आले आहे, त्यात प्री-पर्जची (पेटवण्यापूर्वी कक्ष हवेने धुऊन काढण्याची) वेळ ३० सेकंद लिहिली आहे. ती पुरेशी आहे का?

जुना फिटर

मुळीच पुरेशी नाही. ३० सेकंद हा आकडा लहान बॉयलरसाठी ठरवलेला असतो, आणि बर्नर विकणारा तोच आकडा सगळीकडे देतो. औद्योगिक भट्ट्यांसाठीचे अमेरिकी मानक, एनएफपीए ८६, सांगते की पेटवण्यापूर्वी कक्षाच्या आकारमानाच्या निदान चौपट ताजी हवा आतून वाहून गेली पाहिजे. युरोपीय मानकात हीच अपेक्षा पाचपट आहे.

आता आपला हिशेब करू. दोन्ही कक्ष मिळून साडेसहा घनमीटर, म्हणजे चौपटीने २६ घनमीटर हवा. आपल्या क्षमतेच्या बर्नरचा ब्लोअर ताशी १८० घनमीटरच्या आसपास हवा देतो, म्हणजे ३० सेकंदांत केवळ दीड घनमीटर. एवढ्या हवेने कक्षाचा पाव भागसुद्धा बदलत नाही. केवळ एका ब्लोअरच्या भरवशावर राहिलात, तर पर्जला जवळजवळ नऊ मिनिटे लागतील. आयडी फॅनची (चिमणीकडे धूर ओढणाऱ्या पंख्याची) हवा धरली तर वेळ बरीच कमी होईल, पण त्यासाठी ती हवा खरोखर दोन्ही कक्षांतून जाते की मधल्या गळक्या जोडांतून परस्पर ओढली जाते, हे मोजून पाहावे लागेल. शिवाय पर्जची वेळ टायमरने मोजून भागत नाही. हवा वाहते आहे हे प्रेशर स्विचने किंवा फ्लो स्विचने सिद्ध झाले, तरच टायमर पुढे सरकला पाहिजे. फॅनचा पट्टा तुटलेला असतानाही मोटर फिरत असते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

गॅसच्या पाइपवरील साखळीबद्दल: हाताने बंद करायचा बॉल व्हॉल्व्ह, मग फिल्टर, मग रेग्युलेटर, मग कमी दाबाचा स्विच, त्यानंतर एकामागे एक दोन स्वतंत्र सेफ्टी शट-ऑफ व्हॉल्व्ह आणि जास्त दाबाचा स्विच. एक सोलेनॉइड कधीही चालणार नाही, कारण त्याच्या बैठकीत वेल्डिंगचा एक कण अडकला तरी तो रात्रभर गळत राहतो आणि सकाळी कक्ष भरलेला मिळतो. दोन्ही व्हॉल्व्हच्या मधली गळती आपोआप तपासणारे उपकरण मोठ्या बर्नरवर सक्तीचे असते. आपल्या दीडशे किलोवॉटच्या बर्नरवर ते सक्तीचे नसले, तरी मी ते घ्याच म्हणेन.

अंड्याचा फंडा

मध्येच विचारतो, क्षमस्व. आमच्या पोल्ट्रीवर मेलेले पक्षी जाळण्यासाठी विटांची छोटी भट्टी आहे. तिला एका सिलिंडरवर चालणारा साधा बर्नर लावायचा आहे. घरातला सिलिंडर वापरला तर चालेल का?

जुना फिटर

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे बेकायदेशीर आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा, तो उभा ठेवावा आणि भट्टीपासून लांब, मोकळ्या हवेत, शक्यतो भिंतीच्या पलीकडे ठेवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्यात, गटारात आणि भट्टीच्या राखेच्या पेटीत साचतो. भट्टी जमिनीच्या पातळीखाली असेल, तर कृपया गॅसचा विचारच सोडून द्या. बाजारात मिळणारा थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीवर) चालणारा सुरक्षा व्हॉल्व्ह ज्योत विझल्यावर बंद व्हायला मिनिटभरही घेऊ शकतो. उघड्या शेगडीला ते चालते, बंद कक्षाला चालत नाही. त्यामुळे आधी दरवाजा पूर्ण उघडा ठेवून काही मिनिटे हवा खेळू द्यावी, बाजूला उभे राहून लांब दांड्याने पेटता बोळा आत धरावा आणि त्यानंतरच गॅस सोडावा. हा क्रम कधीही उलटा करू नये.

हिशेबी माणूस

मूळ विषयाकडे वळतो. कृष्णाकाठ यांनी एलपीजीचा पुरवठा कसा करायचा, हे लिहिलेले नाही आणि नेमकी तिथेच पुढे अडचण येते.

दोन्ही बर्नर पूर्ण आचेवर असतील, तर ताशी सुमारे २३ किलो गॅस लागेल. म्हणजे १९ किलोचा सिलिंडर तासभरही टिकणार नाही. शिवाय सिलिंडरमधला द्रव बाहेरून उष्णता घेत घेत वायू होत असतो. त्याच्या आवाक्याबाहेर गॅस ओढला की सिलिंडर बर्फासारखा थंड होतो, त्यावर दव साचते, दाब उतरतो आणि बर्नर कमी दाबाच्या स्विचवर वारंवार बंद पडू लागतो. मग कोणीतरी सिलिंडरवर गरम पाणी ओततो, कोणी त्याखाली शेगडी ठेवतो आणि कोणी तो दाबाचा स्विचच काढून टाकतो. हे तिन्ही उपाय मी डोळ्यांनी पाहिले आहेत. एवढ्या मागणीसाठी अनेक सिलिंडरांचे मॅनिफोल्ड (सगळे सिलिंडर एका पाइपला जोडण्याची व्यवस्था) किंवा द्रवरूप गॅस काढून घेणारे सिलिंडर आणि वेपोरायझर (द्रवाला तापवून वायू करणारे उपकरण) लागेल.

इथेच कायदाही येतो. विनापरवाना १०० किलोंपर्यंतच एलपीजी साठवता येतो, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. ते आपल्याला जेमतेम चार तास पुरतील. त्यापुढे पेसो या स्फोटके आणि पेट्रोलियमच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचा परवाना आवश्यक आहे. तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सिलिंडरची मांडणी आणि सुरक्षित अंतरे यांसाठी आयएस ६०४४ हे भारतीय मानक आहे. शिवाय इंधन बदलण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवून संमतिपत्रात तशी नोंद करून घ्यावी.

आणखी एक मुद्दा. वर्षभराने नैसर्गिक वायू आला की तोच बर्नर तसाच जोडता येणार नाही. एका घनमीटर नैसर्गिक वायूत साधारण साडेआठ हजार किलोकॅलरी असतात, तेवढ्याच एलपीजी वायूत त्याच्या अडीच ते तीनपट. त्यामुळे नोझल, दाब आणि हवेचे प्रमाण पुन्हा बसवून घ्यावे लागते. गळती ओळखणारे डिटेक्टरसुद्धा हलवावे लागतात: एलपीजीसाठी ते जमिनीलगत हवेत, तर हवेपेक्षा हलक्या नैसर्गिक वायूसाठी छताजवळ. बर्नर घेतानाच दोन्ही वायूंवर चालणारा आहे, असे उत्पादकाकडून लेखी घ्या.

तापमापक

हिशेबी माणूस यांच्याशी पूर्ण सहमत. आता मला एका गोष्टीवर थोडे थांबून लिहायचे आहे, कारण बॉयलरवर काम केलेले चांगले चांगले लोकही इथे चुकतात. बॉयलरमध्ये बर्नर बंद केला की आग संपते. इन्सिनरेटरमध्ये बर्नर बंद झाला तरी कचरा आत जळतच असतो आणि स्वतः ज्वलनशील वायू सोडत असतो. दुय्यम कक्षाची ज्योत विझली, तर हे न जळलेले वायू त्या कक्षात भरतात. अशा वेळी नेहमीप्रमाणे भरपूर हवा सोडून पर्ज केला, तर तीच हवा प्राथमिक कक्षातल्या धुमसणाऱ्या कचऱ्याला मिळते आणि आग आणखी भडकते.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार प्राथमिक कक्ष निदान ८०० अंशांवर आणि दुय्यम कक्ष १०५० अंशांवर (५० अंश कमी-अधिक) ठेवावा लागतो, आणि वायू दुय्यम कक्षात निदान दोन सेकंद राहावे लागतात. सुदैवाने हे तापमान सुरक्षिततेलाही मदत करते. एनएफपीए ८६ मध्ये ७६० अंश सेल्सिअसच्या वर गॅस कक्षात शिरताच आपोआप पेटतो असे मानले आहे, त्यामुळे त्या तापमानाच्या वर पर्ज न करता पुन्हा पेटवण्याची सवलत आहे. मात्र ही सवलत थर्मोकपल खरे बोलत असेल तरच कामाची. तुटलेला थर्मोकपल जास्त तापमान दाखवील अशी जोडणी असेल, तर तापमानाचा मर्यादा-स्विच गॅस बंद करील. त्याच बिघाडाने ७६० अंशांची सवलत मात्र खोटीच मिळेल. म्हणून सवलतीसाठी स्वतंत्र, दुसरा थर्मोकपल ठेवावा आणि तो तुटल्यास सवलत रद्द झाली पाहिजे.

तापमान त्याखाली उतरले असेल, तर नवीन कचरा टाकणे ताबडतोब थांबवावे, प्राथमिक कक्षाची हवा कमी करावी, आयडी फॅन चालू ठेवावा आणि कचरा धुमसून शांत झाल्यावरच पूर्ण पर्ज करून सुरुवात करावी. वेळ जातो, पण त्याला पर्याय नाही.

इंटरलॉकबद्दल (एक गोष्ट बिघडली की दुसरी आपोआप बंद करणाऱ्या जोडणीबद्दल) माझा आग्रह पुढीलप्रमाणे आहे. आयडी फॅन बंद पडला किंवा प्राथमिक कक्षातला ऋण दाब (बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब) नाहीसा झाला, तर दोन्ही बर्नरचा गॅस तत्क्षणी तुटला पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या १.२७ ते २.५४ मिलिमीटर इतका सांगितला आहे. हा फारच नाजूक आकडा असल्यामुळे त्यासाठी साधा प्रेशर स्विच नव्हे, तर कमी कक्षेचा, चांगल्या प्रतीचा स्विच लागतो. कचरा टाकण्याचा दरवाजा उघडला की प्राथमिक बर्नर बंद व्हावा, आणि दुय्यम कक्ष तापमानाला पोहोचल्याशिवाय तो दरवाजा उघडूच नये. बर्नर बिजागरीवर बाहेर ओढता येत असेल, तर त्या बिजागरीलाही लिमिट स्विच हवा. उघडलेला बर्नर पेटल्याची घटना ऐकायला विनोदी वाटते, प्रत्यक्षात ती तशी नसते.

ज्योतीच्या दिशेविषयीही त्याच सूचना स्पष्ट आहेत: प्राथमिक ज्योत कचऱ्याला स्पर्श करावी पण विटांच्या तळावर किंवा भिंतीवर आदळू नये, आणि दुय्यम कक्षात धूर ज्योतीतूनच जावा. गॅस बर्नरच्या ज्योतीची लांबी डिझेलच्या ज्योतीपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून जुन्या भोकात नवा बर्नर बसवण्यापूर्वी उत्पादकाकडून ज्योतीची लांबी आणि व्यास मागवून समोरच्या भिंतीचे अंतर मोजावे.

कृष्णाकाठ

मंडळी, उत्तर द्यायला चार महिने लागले, त्याबद्दल क्षमस्व. काम पूर्ण झाले आहे, म्हणून अहवाल देतो.

फॅब्रिकेटरचा प्रस्ताव नाकारला. कागदपत्रे आणि परवाना यांतच जास्त वेळ गेला. दोन्ही वायूंवर चालणारे बर्नर, दुहेरी व्हॉल्व्हची साखळी आणि गळती-तपासणीचे उपकरण घेतले. दुय्यम कक्षात स्वतःची परीक्षा घेणारा यूव्ही सेन्सर आणि प्राथमिक कक्षात बर्नरच्या तोंडातच आयोनायझेशन रॉड बसवला. पाइप वेल्डिंगचा घेतला, आटे असलेले जोड शक्य तितके टाळले, नायट्रोजन भरून दाब रात्रभर धरून ठेवला आणि त्यानंतर प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने पाहिला. रेग्युलेटरनंतरच्या एका फ्लँजला बुडबुडे आलेच.

पर्जच्या बाबतीत जुना फिटर यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. आयडी फॅनची हवा मोजली, तेव्हा तिचा मोठा भाग राख काढण्याच्या दाराच्या फटीतून येत होता. दाराची फट बंद करणारी दोरी बदलल्यावर पर्जची वेळ पाच मिनिटांवर आणता आली.

पहिल्या दिवशी कचरा न टाकता, भट्टी पेटती ठेवून एकेक बिघाड मुद्दाम घडवला. बॉल व्हॉल्व्ह हाताने बंद केला, सेन्सर ओढून बाहेर काढला, आयडी फॅनचा स्टार्टर पाडून फॅन बंद केला, थर्मोकपलची तार सोडली. तीन वेळा गॅस लगेच तुटला. चौथ्या वेळी तुटला नाही: प्राथमिक कक्षाच्या थर्मोकपलची तार सुटूनही कंट्रोलर जुनेच तापमान दाखवत राहिला. कंट्रोलरमधली एक सेटिंग चुकली होती. ती दुरुस्त करून ही चाचणी सलग तीनदा घेतली.

रिसेटबाबत: एका तासात दोनपेक्षा अधिक वेळा रिसेट होऊ नये, असे पॅनेलमध्ये बसवले आहे. तिसऱ्या वेळी चावी लागते आणि ती चावी माझ्या टेबलाच्या खणात असते. रात्रपाळीचे लोक यामुळे नाराज आहेत. गेल्या आठवड्यात पहाटे साडेतीनला मला फोन करून बोलावले. जाऊन पाहिले, तर गॅसचा फिल्टर तुंबला होता आणि दाब उतरला होता. फिल्टर साफ केला, पूर्ण पर्ज दिला आणि बर्नर पहिल्याच प्रयत्नात पेटला.

जुना फिटर

चावी खणातच असू द्या. नवीन पाइपलाइनमधला कचरा पहिल्या काही आठवड्यांत फिल्टरमध्ये येतच असतो, त्यामुळे तो सध्या दर पंधरा दिवसांनी उघडून पाहावा. उघडताना वरचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून मधला गॅस बाहेर मोकळ्या हवेत सोडायला विसरू नये.